सात की साठ

मी काँक्रीट फोडते. पोटापाण्याचा धंदाच तो आहे. बाकीचे लोक ते घट्ट व्हावं म्हणून जिवाचं रान करतात, आणि मी त्याचे ठोकळे मशीनमध्ये दाबून ते किती जोराला फुटतात ते बघते. माझ्या दारावर 'प्रयोगशाळा प्रमुख' अशी पाटी आहे. पण प्लांटवर मॅनेजरपासून मिक्सरगाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे मला सूनबाई म्हणतात. कारण वरच्या काचेच्या केबिनमध्ये, बॅचिंगच्या पॅनेलवर माझे सासरे बसतात आणि ते मला तशी हाक मारतात. सुरुवातीला मी चिडायचे, ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग हात टेकले.

वाळू, खडी, सिमेंट, पाणी, सगळं बाबांच्या त्या पॅनेलवरून मोजून खाली मिक्सरमध्ये पडतं. खुर्ची कंपनीची, जुनी. तिच्यावरची निळी उशी मात्र सासूबाईंनी शिवलेली, आणि तिच्यावर दुसरं कोणी बसलं तर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलंय. घरी बसा म्हटलं की म्हणतात, "घरी बसून काय करू, भिंती मोजू?" ती खुर्ची गेली तर हा माणूस झुरून जाईल, हे सासूबाई उघड बोलतात आणि मी मनात.

आमचं पटतं. म्हणजे प्लांटवर पटतं. घरी मात्र एका गोष्टीने माझं डोकं फिरायचं. जेवताना मी त्यांच्या शेजारी, डावीकडे बसते, कारण स्वयंपाकघर त्या बाजूला आणि उठबस माझ्याच नशिबी. मी विचारते, "बाबा, भाजी कशी झालीय?" हा माणूस ढिम्म. "अजून वाढू का?" ढिम्म. समोरून नवऱ्याने एक शब्द टाकला की लगेच उत्तर हजर! नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "तू बोलतेस किती, त्यांनी कुठं कुठं लक्ष द्यायचं?" त्यावर मी त्याला काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. मुलाच्या शब्दाला मान आणि सुनेचं बोलणं वाऱ्यावर, असं मी मनाशी घट्ट धरून बसले होते.

आता गुरुजी. हे शाळेतले नव्हेत. कुठल्या काँक्रीटमध्ये काय किती घालायचं ते ठरवणारे आमचे गुरुजी. बाबा आणि ते तरुणपणापासूनचे दोस्त, एकमेकांना अरे-तुरे करणारे. ज्ञान दांडगं आणि नखरेही दांडगे. शर्टाला कडक इस्त्री, केसांना काळाभोर रंग, आणि दातांचा गर्व तर विचारूच नका. खिशात अक्रोड घेऊन फिरायचे आणि चहाच्या वेळी कडकन दाताने फोडून दाखवायचे. "ह्या प्लांटवर दाबून फोडायची मशिनं दोनच," असं म्हणायचे. "एक सूनबाईचं आणि एक हे." मग आ वासून दाखवायचे. हल्ली काही आठवडे ते प्लांटवर फिरकले नव्हते. जे काय सांगायचं ते फोनवर, तेही बाबांनाच, दोन शब्दांत. मोठा माणूस, कामात असेल, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

आता जरा कामाचं सांगते, त्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. सिमेंटला पाणी लागलं की ते तापतं. पातळ स्लॅबमधली ऊब निघून जाते. पण उंच इमारतीचा पाया दोन पुरुष जाडीचा असतो, त्याच्या पोटात ती ऊब अडकून बसते. आत भट्टी, बाहेर गार, आणि ह्या ओढाताणीत काँक्रीट तडकतं. त्यातून आमचं हे काँक्रीट साठ ताकदीचं, म्हणजे सिमेंट जास्त, म्हणजे तापही जास्त. ह्यावर उपाय असा की सिमेंटचा मोठा हिस्सा काढायचा आणि त्याच्या जागी स्लॅग घालायचा. लोखंडाच्या भट्टीतून जी मळी निघते ना, ती थंड करून दळली की पांढुरकी पूड होते, तोच स्लॅग. तो सावकाश घट्ट होतो, फार तापत नाही, आणि धीर धरला तर शेवटी ताकद पुरेपूर देतो. पण हे साइटवाल्यांना पटवणं म्हणजे डोक्याला ताप. सिमेंट काढलं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच भेसळ उभी राहते.

म्हणून पाया ओतायच्या आधी नमुन्याचा एक ठोकळा ओतायचं ठरलं. चांगला खोलीएवढा, पोटात तापमान मोजायच्या तारा सोडलेला. तो नीट निघाला तर पायाचं काम आमचं. गुरुजींनी आधी स्लॅग पन्नास टक्के ठरवला होता. ओतायच्या दिवशी सकाळपासूनच ऊन मी म्हणत होतं, तेव्हा त्यांनी बाबांना केबिनमध्ये फोन करून आकडा बदलला. बदललेला कागद पाठवला तो दुपारी, तोवर ठोकळा ओतून झाला होता. तो कागद कोणी उघडूनही बघितला नाही. मी तर सकाळपासून साइटवर साचे भरत होते. फोन आला होता हेच मला संध्याकाळी कळलं.

चार-पाच दिवसांनी ठोकळ्याच्या फळ्या काढल्या. वरपासून खालपर्यंत तडा! बोटाचं नख जाईल एवढा. तारांवरचं तापमान बघितलं तर एवढं चढलेलं की मला आधी वाटलं, तारच बिघडलीय. साइटवाला इंजिनिअर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सिमेंट कमी केलंत, दुसरं काय होणार?" आमच्या मॅनेजरनेही मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

माझं डोकं मात्र चालेना. सिमेंट कमी केलं तर काँक्रीट कमी तापायला हवं. हे तर तापून तडकलं. सातव्या दिवशी मी माझे लहान ठोकळे फोडायला घेतले. स्लॅगवालं काँक्रीट सातव्या दिवशी अजून लेचंपेचंच असतं, मी फार तर निम्म्या ताकदीची अपेक्षा धरून बसले होते. काटा चढत गेला. चाळीस. पन्नास. फुटायचं नाव नाही. साठला जाऊन पहिला ठोकळा फुटला, आणि दुसरा, तिसराही तिथेच. सातव्या दिवशी साठ! मी मशीन बंद केलं, परत चालू केलं, फडक्याने पुसलं. एवढं मजबूत काँक्रीट, आणि तेच तडकलेलं. मग फुटलेला तुकडा उचलून आत बघितलं. स्लॅगचं काँक्रीट ताजं फोडलं की आतून निळसर-हिरवट दिसतं, हे आम्हाला डोळे मिटून माहीत. हा तुकडा आतून साधा करडा होता.

जिना चढून केबिनमध्ये गेले, गुरुजींचा तो न बघितलेला कागद उघडला आणि त्या दिवशीचं वजनांचं प्रिंट काढलं. स्लॅग, सात टक्के.

"बाबा, हे काय?"

"काय काय? गुरुजीने सांगितलं सात, मी टाकले सात."

"त्यांच्या कागदावर साठ आहे!"

बाबांनी चष्मा वर सरकवून कागद बघितला. "कागदावर असेल. फोनवर सात म्हणाला."

"पण सात टक्के स्लॅग कोणी घालतं का? वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना. म्हणून परत विचारलं, सात? तो म्हणाला, हो, सात. मग मी कोण त्याला शिकवणार? नमुन्याचा ठोकळा, करत असेल काहीतरी तुलना." एवढं बोलून ते पॅनेलकडे वळले. खाली गाडी उभी होती.

म्हणजे काँक्रीट तडकलं ते सिमेंट काढलं म्हणून नव्हे. काढायचं राहिलं म्हणून! हे मी मॅनेजरला समजावलं तेव्हा त्याला कळायला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर त्याने सरळ बाबांचं नाव घेतलं. "काकांचे कान गेले, सूनबाई. साठचं सात ऐकलं. माणूस चांगला आहे, पण पॅनेलवर बहिरा माणूस मला परवडायचा नाही. साइटवाल्यांना मी काय सांगू?"

"बहिरे नाहीयेत ते!" मी ओरडले. खात्रीने ओरडले, आणि जिना उतरताना मनात जेवणाचं टेबल आलं. भाजी कशी झालीय, ढिम्म. ते मला मुद्दाम उत्तर देत नाहीत, की ऐकूच येत नाही? मुद्दाम असेल तर राग यायला हवा, आणि त्या दिवशी मी चक्क मनातल्या मनात म्हणत होते, देवा, मुद्दामच असू दे.

घरी गेल्यावर मी स्वतःच परीक्षा घेतली. बाबा खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी मागून मांजरासारखी गेले, त्यांच्या उजव्या खांद्याशी वाकले आणि कुजबुजले, "सात."

"सात काय?" बाबा मान न वळवता म्हणाले.

मी थोडं थांबून आणखी हळू म्हणाले, "साठ."

"आता साठ? बाजारात भाव करतेस का गं?"

सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मला हसावं की रडावं कळेना. ऐकू तर स्वच्छ येतंय! मग गुरुजी खोटं बोलतायत? गुरुजी? बाबांच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसलेला माणूस?

मॅनेजरला माझी परीक्षा पुरेशी नव्हती. त्याने कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मीच घेऊन गेले. बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं, बाहेर एक बाई बटणं दाबत होती. आवाज आला की हात वर करायचा. बाबा शाळेतल्या हुशार मुलासारखे सटासट हात वर करत होते. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने छान आहे." मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच पुढे म्हणाले, "अर्थात गोंगाटात एखादा शब्द निसटू शकतो." मी मनात म्हटलं, एक काहीतरी बोला ना हो! मॅनेजरने त्यातलं नेमकं शेवटचंच वाक्य उचललं. "केबिनमध्ये गोंगाटच असतो की," तो म्हणाला. "गुरुजींना सोमवारी बोलावतो. ते साठवर ठाम राहिले तर काकांना घरी बसवावं लागेल."

आता एकच रस्ता होता. रविवारी मी गुरुजींच्या घरी गेले. त्यांनीच दार उघडलं, तोंडापुढे रुमाल धरून. "शर्दी," असं रुमालाआडून म्हणाले आणि बसायची खूण केली. इस्त्री नाही, दाढी वाढलेली, एकदम म्हातारे दिसत होते. त्यांनी अक्रोडांची वाटी माझ्यापुढे सरकवली, वर अडकित्त्यासारखा एक चिमटाही ठेवला. स्वतः एकाला हात लावला नाही.

मी आडवळणाने बोलायला गेले आणि जमलं नाही. "गुरुजी, खरं सांगा. त्या दिवशी फोनवर किती सांगितलंत?"

"शाठ," गुरुजी म्हणाले. आवाज सर्दीने फसफसत होता, पण ठ असा स्वच्छ की हातोडा पडावा. "शूनबाई, तुझ्या शाशऱ्याशी मी खोटं बोलेन? शाठ म्हणालो. त्याने उलट विचारलं, शाठ? मी म्हटलं हो, शाठ."

त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं बोलणारा माणूस असा बघत नाही. मी अक्रोड न खाताच उठले. रस्त्याने येताना माझ्या डोक्यात नुसता भुगा झाला होता. हेही खरं बोलतायत, तेही खरं बोलतायत, आणि ठोकळा तर तडकलाय. दोघांतला एक चुकलाच पाहिजे. एकाचा शब्द मी आत्ता ह्या कानांनी ऐकला होता, स्पष्ट. मग उरलं कोण?

घरी बाबा वाटच बघत होते. "काय म्हणाला?"

"साठ म्हणाले, बाबा. स्वच्छ साठ. चूक तुमच्याच ऐकण्यात झालीय."

बाबा भांडले असते, आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त "बरं" म्हणाले आणि चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मी मॅनेजरच्या खोलीत गेले तेव्हा बाबा आधीच येऊन बसले होते. काखेत निळी उशी. विचारायच्या आधीच उचलून आणलेली. मी तिकडे बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने गुरुजी आले. आज मात्र थाट पूर्वीचा. शर्ट कडक, केस काळे, आणि ओठांआड दातांची पांढरीशुभ्र ओळ. सगळ्यांना मान लववून नमस्कार केला, बोलले काहीच नाहीत. मॅनेजरने कागद पुढे ओढला. "गुरुजी, एकच विचारतो. फोनवर तुम्ही स्लॅग किती सांगितलात?"

"सात," गुरुजी म्हणाले.

मॅनेजरने मान वर केली. "सात?"

"हो. सात."

"अहो, मग कागदावर साठ कसं लिहिलंय?"

"सात सांगितलं म्हणून सात लिहिलं!" गुरुजींचा आवाज चढला. "त्यात कतीण काय आहे?"

"म्हणजे काका म्हणतात तेच ना? सातच?"

"नाही! तो म्हणतो सात. मी म्हणतो सात!"

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा तोंड उघडं टाकून गुरुजींकडे बघत होते. गुरुजी आता टेबलावर बोट आपटत होते. "माझं दोकं तिकाणावर आहे! तोकळा तापू नये म्हणून सात तरवलं, आणि सातच सांगितलं!"

तोकळा? दोकं? माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं, आणि पडताक्षणी वाटलं, नसतं पडलं तर बरं झालं असतं. पण उशी समोर दिसत होती. मी हळूच विचारलं, "गुरुजी, पन्नास आणि दहा मिळून किती?"

"सात!" गुरुजी गरजले.

मॅनेजर फिस्सकन हसला. हसू नये असं माणसाला कळत असतं, तरी येतं. गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. मग त्यांनी ओठ हलवून स्वतःशीच तो शब्द म्हटला, एकदा, आणखी एकदा. आपलं आपल्याला बरोबरच ऐकू येतं ना. सांगायला दुसरं कोणी लागतं, आणि ह्या माणसाने इतके आठवडे कोणाला जवळ येऊच दिलं नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग त्यांची नजर बाबांच्या काखेतल्या उशीवर गेली आणि तिथेच थांबली.

त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला. पाठ फिरवतील असं मला वाटलं. फिरवली नाही. सगळ्यांसमोर तोंडात बोटं घातली, जरा झटापट केली, आणि वरची अख्खी कवळी काढून रुमालावर, मॅनेजरच्या कागदाशेजारी ठेवली. दात मोत्यासारखे, मागे गुलाबी टाळू. गाल एकदम आत गेले.

"शाठ," गुरुजी म्हणाले. "मी शाठ म्हणत होतो. ह्या मेल्या टाळूला जीभ लागतच नाही."

कोणी हसलं नाही. मला राग आला होता, मॅनेजरचा, माझा स्वतःचा, सगळ्या जगाचा. फोनवर गेलं होतं ते कवळी लावलेलं, आणि काल ह्या माणसाच्या घरी, ह्या माणसाच्या तोंडून मी ऐकलं ते कवळी काढलेलं साठ होतं. आणि त्या भरवशावर बाबांना मी काय बोलून बसले!

बाबा उठून गुरुजींजवळ गेले. "कधी गेले रे दात?"

"दोन महिने झाले. शगळे एकदम हलायला लागले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला काय शांगू? अक्रोड बंद झाले म्हणून?"

"सांगायचं होतंस," बाबा म्हणाले. "मी रोज इथे बसून म्हणतोय, हा येत का नाही, माझं काही चुकलं का."

मॅनेजरने घसा खाकरला. त्यालाही लाज वाटली असावी, कारण तो उभा राहून बोलला. "काका, माफ करा. तुम्ही जे सांगितलं गेलं तेच ऐकलंत. खुर्ची तुमचीच आहे. उशी ठेवा जाऊन."

मी हुश्श केलं. अगदी मोठ्याने केलं. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. ते त्या रुमालाकडे बघत होते.

"माझंही ऐकून घ्या," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय. वर्ष-दीड वर्ष झालं."

"बाबा!" मी किंचाळले. "डॉक्टरने तपासलं ना!"

"ती बाई बटण दाबताना दरवेळी ओठ चावायची. काचेतून दिसायचं. तिने चावला की मी हात वर करायचो."

मॅनेजर खाली बसला. "थांबा, थांबा. फोन कोणत्या कानाला होता?"

"उजव्या. डाव्याला लावून काय उपयोग?"

"मग त्या दिवशी तुम्ही बरोबरच ऐकलंत."

"त्या दिवशी बरोबर. पण परवा डाव्या अंगाला गाडीवाला हॉर्न वाजवत होता, मला पत्ताच नाही. गाडी लागलेली नसताना मी खाली माल सोडणार होतो. तिथे माणूस उभा असता तर?"

"म्हणजे ह्या ठोकळ्यात नक्की चूक कोणाची?" मॅनेजरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. गुरुजी त्यांच्या मते बरोबर बोलले होते, बाबांनी बरोबर ऐकलं होतं.

मी मात्र भडकले. इतके दिवस जिवाचा आटापिटा केला, आणि खुर्ची हातात आल्यावर हा माणूस ती आपण होऊन देऊन टाकतोय! "कोणी विचारलं होतं का तुम्हाला?" मी मॅनेजरसमोरच ओरडले. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

बाबांनी टेबलावरच्या कवळीकडे बोट दाखवलं. "त्याने काढून ठेवली, सूनबाई. मग मी कसा झाकून ठेवू?"



नमुन्याचा दुसरा ठोकळा ओतला तेव्हा पॅनेलवर नवा ऑपरेटर होता. बाबांनी त्याला सगळं शिकवलं, फक्त उशी दिली नाही. गुरुजी जातीने केबिनमध्ये उभे राहिले आणि आकडा फळ्यावर खडूने लिहिला. कवळी खिशात होती. ठोकळ्याला तडा गेला नाही. माझे लहान ठोकळे सातव्या दिवशी मऊच निघाले, आतून निळसर-हिरवट, आणि ते कमी आकडे बघून मी एकटीच मशीनपाशी हसत बसले. साइटवाल्याला धीर धर म्हणून सांगितलं. त्याला ते पटलंय असं वाटत नाही.

बाबा आता घरी असतात. भिंती मोजत नाहीत, पण खिडकीत बसून बाहेर फार बघतात. निळी उशी जेवणाच्या खुर्चीवर आली आहे. परवा जेवताना मी सवयीने विचारलं, "बाबा, भाजी कशी झालीय?" बाबा ढिम्म. माझ्या तोंडावर नेहमीचा राग आला, आणि मग माझा हात ताटातच थांबला. मी कुठे बसलेय? डावीकडे. किती दिवस मी त्या मेलेल्या कानात बोलत होते, आणि वर रुसत होते!

मी ताट उचललं, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. नवरा बघतच राहिला.

"काय गं, आज इकडे?" बाबा म्हणाले.

"भाजी कशी झालीय, विचारतेय."

"मीठ कमी आहे," बाबा लगेच म्हणाले. "वर्षभर कमीच असतं. मला वाटायचं, तू कधीतरी विचारशील."